हात कशासाठी वर केला? हद्दवाढीच्या एका ग्रामसभेचं प्रकरण

आमच्या गावचा शेवटचा लाईटचा खांब आणि महापालिकेचा पहिला खांब यांच्यात चालत चार मिनिटांचं अंतर आहे. मधे एक ओढा, पूर्वी वीटभट्टी होती तिथं उभी राहिलेली रो-हाऊसं आणि 'ग्रामपंचायत आपले सहर्ष स्वागत करीत आहे' अशी कमान. कमानीच्या आत घरफाळा ग्रामपंचायत घेते, बाहेर कोल्हापूर महापालिका. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. ज्यांच्याबद्दल लिहितोय ती माणसं रोज सकाळी डेअरीत भेटतात, आणि मला पुढंही दूध तिथूनच आणायचंय.

मी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवतो. 'प्रत्यक्ष लोकशाहीची उदाहरणे लिहा' म्हटलं की आमची पोरं 'प्राचीन अथेन्स, स्वित्झर्लंड व ग्रामसभा' असं एका दमात लिहितात आणि मी डोळे झाकून गुण देतो. (प्रत्यक्ष म्हणजे थेट. पण कोल्हापुरात 'थेट' म्हटलं की आधी काळम्मावाडी धरणातून शहराला थेट पाणी आणणारी पाइपलाइन आठवते, लोकशाही नंतर. ते असो.) हद्दवाढीवर, म्हणजे आसपासची गावं महापालिकेत घ्यायच्या प्रस्तावावर, गावाची ग्रामसभा झाली तेव्हा मात्र मी फळ्यापुढं नव्हतो, सतरंजीवर होतो. हात वर करायची पाळी माझ्यावरही आली.

भांडण जुनं आहे

कोल्हापूरला नगरपालिका आली 1854 साली, तिची महापालिका झाली 15 डिसेंबर 1972 ला. तेव्हाची हद्द 66.82 चौरस किलोमीटर, आणि पुढची पन्नास वर्षं ती इंचभर हलली नाही. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 5,49,236 भरली, पण शहर खरं वाढलं ते हद्दीबाहेर. पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उजळाईवाडी, उचगाव या बाजूला फिरताना शहर कुठं संपलं ते घरफाळ्याच्या पावतीवरूनच कळतं.

शहरवाल्यांचं म्हणणं सरळ आहे: आमचे रस्ते, आमची केएमटी बस, आमचे दवाखाने वापरता, मग कर भरायला का नको? गावांचं म्हणणंही तितकंच सरळ: आहे त्या शहराला धड पाणी देता येईना, आम्हाला काय देणार? 2016 ला हा वाद रस्त्यावर आला. 2017 ला सरकारनं तोड म्हणून 42 गावांचं नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण काढलं, आणि दोन्ही बाजू नाराज राहिल्या. तेव्हापासून विषय मधूनच थंड होतो, मधूनच तापतो.

आमची सभा अशाच तापलेल्या दिवसांतली. ज्या महापालिकेत या म्हणून आम्हाला सांगणं चाललं होतं तिथं त्या वेळी एकही नगरसेवक नव्हता. सभागृहाची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपलेली, निवडणूक लांबलेली, कारभार प्रशासकाकडं. म्हणजे कमानीच्या बाहेर निवडून दिलेलं कुणी नाही आणि आत सगळं गाव स्वतःच ठरवायला बसलेलं. वर्गात समजावून सांगायला याहून सोपं उदाहरण मला मिळालं नसतं.

बारा मिनिटं

वेळ सकाळी दहाची, जागा देवळाचा मंडप. नोटीस पंचायतीच्या फळ्यावर लागलेली. शिवाय आदल्या दिवशी रिक्षावर भोंगा बांधून पुकारलं होतं: "हद्दवाढीच्या विरोधात ग्रामसभा, तमाम ग्रामस्थांनी उपस्थित राहावं!" विषय पुकारतानाच निकालही पुकारून झाला होता.

दारात रजिस्टर. सही करायची आणि आत जायचं. बरेच जण सही करून आल्या पावली परत जातात. कुणाच्या उसाला पाण्याची पाळी असते, कुणाची गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत शिफ्ट. कायद्याला तेवढं पुरतं. ग्रामसभेच्या गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतलं जे कमी असेल तेवढे लोक लागतात. आमच्या गावात मतदार आठ हजारांच्या घरात. त्यातले शंभर म्हणजे शेकडा सव्वा. अथेन्समध्ये महत्त्वाच्या काही निर्णयांना सहा हजार नागरिक हजर लागत. तिथं बायका, गुलाम आणि परके मोजत नसत हे खरं, पण आमच्या सभेतही बायका दहा-बाराच होत्या आणि त्या मागं खांबाला टेकून.

पहिला विषय नेहमीचा: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ग्रामसेवकांनी वही उघडली. मागून आवाज आला, "वाचलं समजा!" वही मिटली.

माईकवर चौघं बोलले, चौघंही आजी-माजी सदस्य. पहिल्यानं सांगितलं, घरफाळा पाचपट होणार. दुसऱ्याला ते कमी वाटलं असावं, तो दहापट म्हणाला. तिसऱ्यानं शेतांवर आरक्षणं टाकली. चौथ्यानं ग्रामदेवतेची शपथ घातली. रो-हाऊसमधला एक तरुण उठला आणि म्हणाला, "पण पाणी रोज येईल का?" पुढच्या रांगेतून प्रश्न आला, "तू कुठला गा?" तो बसला. त्याचं नाव आमच्याच मतदार यादीत आहे, हे मला यादीवर काम केल्यामुळं ठाऊक होतं. मी बोललो नाही.

"हद्दवाढ नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा." सगळा मंडप वर. "पाहिजे म्हणणाऱ्यांनी?" कुणी नाही. "ठराव एकमतानं मंजूर!" इतिवृत्तापासून टाळ्यांपर्यंत बारा मिनिटं.

हात मीही वर केला. शेजारी चुलते बसले होते.

डेअरीच्या रांगेत

पुढचा आठवडाभर मी सभेला आलेल्यांना एकच प्रश्न विचारत फिरलो: हात कशासाठी वर केला? अकरा जणांना विचारलं. ही काही पाहणी नव्हे, नुसत्या गप्पा होत्या. पण त्यांतली काही उत्तरं डोक्यातून जात नाहीत.

उसाचे एक जुने शेतकरी, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. "घरफाळा धापट हुतोय म्हणत्यात. माईकवर सांगितलं की." माईकवर सांगितलं म्हणजे खरं असणार. रो-हाऊसवाला हसला आणि म्हणाला, "सर, मला याच गावात राहायचंय." एकानं भावकीनं केला म्हणून केला. बचत गटातल्या एका मावशींनी तर मला गप्पच केलं: "मी पाण्यासाठी हात वर केलो की." पाण्याचा विषय नव्हता मावशी, म्हटलं. "मग कशाचा हुता?"

या उत्तरावर हसून 'अडाणी मतदार' असा शेरा मारणं सोपं आहे. मला ते पटत नाही. मावशींच्या घरात पाणी दिवसाआड येतं, तेही पहाटे, आणि त्या हंडे भरूनच डेअरीत येतात. गावाचा पाण्याचा प्रश्न सभेतल्या कुठल्याही वक्त्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे. त्यांना माहीत नव्हतं ते एवढंच, की त्या दिवशी त्यांना काय विचारलं जातंय.

पण ज्या उत्तरानं मला हे प्रकरण लिहायला बसवलं ते टपरीवरच्या एका गवंड्याचं. "मला यातलं काय कळतंय सर? सरपंचाला कळतंय म्हणून तर निवडून दिला." आमचे सरपंच थेट जनतेतून निवडून आलेत. ती पद्धत 2017 ला आली, 2020 ला गेली, 2022 ला परत आली. मी सरपंचांना गाठलं. "आण्णा, घरफाळ्याचा आकडा कुठनं आला?" ते म्हणाले, "मला काय विचारताय? गावानं एकमतानं ठरवलंय. मी गावाचा पोस्टमन."

गवंडी सरपंचाच्या भरवशावर हात वर करतो आणि सरपंच गवंड्याच्या हातावर विसंबून राहतो. एडमंड बर्क 1774 ला ब्रिस्टलच्या मतदारांना म्हणाला होता, की प्रतिनिधीनं त्यांच्या इच्छेपुढं आपली विचारशक्ती गहाण टाकता कामा नये. आमच्या मंडपात इच्छा आणि विचारशक्ती एकमेकींकडं बोट दाखवत होत्या. मधल्या जागेत होता तो आकडा, पाचपट की दहापट, आणि त्याला कुणी बाप नव्हता.

मग खरं काय होतं?

मी, बँकेतून निवृत्त झालेले एक शेजारी आणि बचत गटाच्या अध्यक्ष असलेल्या वहिनी, असे तिघं बसलो. कायदे चाळले, दोन वकिलांना चहा पाजला.

घरफाळा वाढतो, हे खरं. पण तो एका रात्रीत वाढत नाही. नव्यानं हद्दीत आलेल्या गावांचा कर टप्प्याटप्प्यानं वाढवायची तरतूद आहे. तरीही गावाची भीती पोकळ म्हणता येत नाही. पुणे महापालिकेत 2017 ला 11 गावं आणि 2021 ला आणखी 23 गावं घेतली. त्यांतल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीत कराची ओरड इतकी झाली की पुढं ती दोन गावं बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करावी लागली. 'दहापट' या शब्दाऐवजी कुणी माईकवर फुरसुंगी म्हटलं असतं तर विरोधच जास्त पक्का झाला असता.

गावठाणाबाहेरच्या बांधकामाची परवानगी आपल्या हातून जाईल, अशीही भीती होती. ती प्राधिकरणामुळं आधीच गेलेली आहे. जे घरात नाही त्याच्या चोरीला आम्ही घाबरत होतो.

आता जे माईकवर कुणीच बोललं नाही ते. रोजगार हमीची कामं ग्रामीण भागापुरती, ती थांबतील. वित्त आयोगाचा निधी आज थेट पंचायतीच्या खात्यावर येतो, तो थांबेल. जिल्हा परिषदेची शाळा महापालिकेकडं जाईल. आणि पंचायतच बरखास्त होईल, म्हणजे माईकवर बोलणाऱ्या चौघांतल्या आजी सदस्यांची खुर्ची जाईल. ही शेवटची गोष्ट त्यांनी सांगावी अशी अपेक्षा करणं जरा जास्त होईल, मान्य. पण गावाला ती ठाऊक हवी होती.

सगळ्यात मोठी गोष्ट मला स्वतःला, राज्यशास्त्राच्या मास्तराला, नीट माहीत नव्हती. ग्रामसभेचा ठराव सरकारवर बंधनकारक नाही. महापालिकेची हद्द बदलायचा अधिकार महानगरपालिका अधिनियमाखाली राज्य सरकारचा. सरकार अधिसूचना काढतं, हरकती आणि सूचना मागवतं, त्या ऐकून ठरवतं. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी भागात ग्रामसभेचं वजन वेगळं असतं. ओडिशातल्या नियमगिरीच्या खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानं 2013 ला ग्रामसभांपुढं पाठवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. आमचं गाव त्या अनुसूचीत नाही. आमच्या हातात राहते ती कारणांसकट दिलेली हरकत. नुसतं एकमतानं 'नको' म्हणणं ही त्यातली सगळ्यात दुबळी हरकत.

लोक माहिती का काढत नाहीत

यावर अँथनी डाउन्स या अर्थशास्त्रज्ञानं 1957 मध्ये दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे. माझ्या एका मतानं निकाल बदलणार नाही, मग माहिती काढायला मी वेळ का घालवू? लाखोंच्या मतदारसंघात हे पटतं. पण शंभर जणांच्या मंडपात एका हाताला वजन असतं, तरी आमच्याकडं कुणी माहिती काढली नाही. कारण दुसरं आहे. माहिती काढून मत बदललं तर ते उघड्यावर, चुलत्याशेजारी बसून बदलावं लागतं. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी गावगाड्यावर जे कोरडे ओढले त्याचं पुष्कळांना आजही वाईट वाटतं. त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांना सतरंजीच्या कडेलाही बसू न देणारी गावं पाहिली होती. उघड्या हातानं होणारी लोकशाही हात कुणाचा आहे हे विसरत नाही.

आपल्याच राज्यात याला एक उतारा आहे आणि तो बायकांनी गाजवलाय: आडवी बाटली. गावातलं परवानाधारक दारू दुकान बंद करायला ठराविक संख्येनं मागणी झाली की गुप्त मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायला हजर असलेल्यांचं नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मत आडव्या बाटलीला लागतं. ही अट फार कडक आहे अशी तक्रार आहे आणि ती खरीही आहे. घरात बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या पारड्यात मोजली जाते. पण प्रश्न एकच असतो, तो अक्षरओळख नसलेल्या बाईलाही कळतो, आणि चिठ्ठी टाकताना शेजारी चुलते नसतात. हद्दवाढीचा प्रश्न दोन बाटल्यांत मावत नाही, ही अडचण.

स्वित्झर्लंडमध्ये वर्षातून साधारण चार वेळा लोक प्रश्नांवर मत देतात. 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून प्रत्येक मतदाराला सरकारी पुस्तिका घरपोच मिळते. तीत प्रस्ताव काय, सरकारचं म्हणणं काय आणि विरुद्ध बाजूचं काय, हे असतं. तरी मतदान बऱ्याचदा निम्म्याच्या आसपासच राहतं, आणि याच देशानं बायकांना देशपातळीवर मत दिलं ते 1971 मध्ये. त्यामुळं डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही. मला हेवा वाटतो तो फक्त त्या पुस्तिकेचा. माहिती देणं तिथं कुणाच्या तरी कामाचा भाग आहे. आमच्या ग्रामसभेत नोटीस काढणं, रजिस्टर ठेवणं, अध्यक्षस्थान, सगळं कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात आहे. विषयाची दोन्ही बाजूंची माहिती मांडणं मात्र कुणाच्याच नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं ते काम स्वतःच्या गळ्यात घेतलं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना पाठ असते. त्यामागचा अभ्यास गट कमी जणांना ठाऊक असतो. आधी गटात बसून विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, आणि मग ग्रामसभेत सगळ्यांची सहमती होईपर्यंत बोलत राहायचं. चार-पाचशे वस्तीच्या गोंड गावाला हे जमलं. भावकी, पार्ट्या आणि रो-हाऊसं असलेल्या आठ हजार मतदारांच्या गावात जमेल का, याबद्दल मी साशंक होतो. आजही आहे.

पाठपोट कागद

आम्ही एक पाठपोट कागद काढला. एका बाजूला 'आत गेलो तर', दुसऱ्या बाजूला 'बाहेर राहिलो तर'. खाली ठळक अक्षरात: हा निर्णय शेवटी सरकार घेणार आहे, आपण कारणं देऊ शकतो. सरपंचांना दाखवायला नेला तर ते म्हणाले, "सर, तुम्ही पोरांचे पेपर तपासा." पण अडवलं नाही. वाटायला मंडपापेक्षा डेअरी बरी पडली. संध्याकाळी फॅट लागेपर्यंत माणूस पाच-सात मिनिटं रांगेत उभा असतो, त्याला दुसरं काम नसतं. वहिनी कागद मोठ्यानं वाचायच्या, कॅन ठेवून लोक ऐकायचे.

पुढच्या ग्रामसभेआधी नियमाप्रमाणं महिलांची सभा असते. आमच्याकडं ती आजवर वहीतच भरत आली होती. या वेळी ती खरोखर भरली, समाजमंदिरात. कागद वाचून झाल्यावर पाण्याच्या मावशी उठल्या. "आनि आमी नगं म्हनूनबी सरकारनं केलीच, तर?"

आमच्या कागदावर याचं उत्तर नव्हतं. पाठपोट जागा भरली होती, दोन वकील झाले होते, तरी हा प्रश्न आम्हा तिघांना सुचला नव्हता. मग पुढचा तासभर बायकांनी त्याचंच उत्तर लिहून काढलं. केलीच तर आधी पाण्याची लाईन, मग कराची वाढ. शाळा चौथीनंतर तुटता कामा नये. कचरागाडी मुख्य रस्त्यावर नव्हे, गल्लीत यावी. गायरानावर गावाला विचारल्याशिवाय आरक्षण नको.

मुख्य सभेत ठराव पुन्हा आला. विरोध कायम राहिला, हात पहिल्यासारखेच वर गेले. त्या एका बाबतीत कागदानं काहीच बदललं नाही. पण वहिनींनी बायकांचा दुसरा परिच्छेद वाचला आणि तो ठरावाला जोडा म्हणाल्या. सरपंच चिडले. "अटी घातल्या की होकार दिल्यासारखं हुतंय. शहरवालं म्हनतील, गाव फुटलं." मला त्यांचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही. वाटाघाटीत आधी वाकणारा आणखी वाकवला जातो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. अर्धा तास वाद झाला. रो-हाऊसवाला या वेळी उभा राहून बोलला आणि त्याला कुणी गाव विचारलं नाही. शेवटी 'विरोध कायम ठेवून' हे शब्द आधी घालायचे आणि मग परिच्छेद जोडायचा, यावर तोडगा निघाला. तात्यांनी मधेच विचारलं, "मग धापट न्हाई नव्हं?" नाही तात्या. "मग किती?" टप्प्याटप्प्यानं. तात्यांनी थोडा विचार केला आणि हात वरच ठेवला.

टाईप केलेला ठराव तालुक्याला गेला. पोच आली.

त्याच्या पुढच्या सभेला सतरंजीवर बायका जास्त होत्या. पहिला विषय: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ग्रामसेवकांनी वही उघडली. मागून नेहमीचा आवाज आला, "वाचलं समजा!"

"वाचा की," मावशी म्हणाल्या. "आमी मोकळंच हाय."

त्यांनी वाचलं. हद्दवाढीस ग्रामसभेचा तीव्र विरोध, एकमताने मंजूर, आणि त्याखाली सरळ गटारीच्या कामाचा विषय. दुसरा परिच्छेद नव्हता. टाईप करताना राहिला असेल, असं ग्रामसेवक म्हणाले. सरपंच मोबाईल बघत होते. वहिनींनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि पुढं सरकवला. ग्रामसेवकांनी एकदा सरपंचांकडं बघितलं, एकदा रजिस्टरवरच्या सह्यांकडं, आणि खिशातलं पेन काढलं.